राहून गेलेला कोपरा

आज सकाळी पुरणाचा गूळ उतू गेला. मागच्या दारी वाळत घातलेले बिबडे, म्हणजे आमचे खानदेशातले ज्वारीचे पापड, उलटायला म्हणून मी गेले होते. तेवढ्यात नाकात तो वास शिरला. गूळ लागल्याचा वास कधी चुकत नाही. आधी गोड येतो, मग कडवट होतो आणि मग एकदम करपट. धावत येऊन गॅस बंद करेपर्यंत डाळ-गुळाचा तो लगदा पातेल्याच्या पोटावरून ओघळून ओट्याच्या काळ्या कडप्प्यावर पसरला होता आणि कडेकडेनं घट्टही व्हायला लागला होता. आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, उद्यावर आलेली, घरात माणसं यायची, पुरण नव्यानं शिजवायचं. कुणाचाही जीव खालीवर व्हावा अशी वेळ. माझा झाला नाही. मी कढत पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं, सांडलेल्यावर अंथरलं आणि स्टूल ओढून शेजारी बसून राहिले. गुळाला थोडा वेळ द्यावा लागतो. खरवडायला गेलं तर तो हट्टाला पेटतो, ऊब दिली की आपण होऊन सोडतो. हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं, आणि असं ओलं फडकं अंथरून बसले की ते माझ्या शेजारी उकिडवे बसलेले असतात.

त्यांना सगळं घर आबा म्हणायचं. मी लग्न होऊन जळगावात, मेहरूणच्या या घरात आले तेव्हा ते भुसावळच्या रेल्वे शेडमधून नुकतेच निवृत्त झाले होते. आयुष्यभर जळगावहून सकाळची गाडी पकडून जायचं आणि इंजिनांचं तेल, काजळी, ग्रीस काढायचं, हे त्यांचं काम. अंगानं किरकोळ, पांढरा पायजमा, बंडी, आणि खांद्यावर कायम एक जुन्या धोतराचं मऊ फडकं. ते फडकं घाम पुसायला असेल असं मला वाटलं होतं. आबा घाम बाहीला पुसायचे. फडकं ओट्यासाठी होतं.

आमच्याकडे पुरुष हातानं पाणीसुद्धा घेत नसत, आणि आबा या बाबतीत काही वेगळे नव्हते. चहा करा म्हटलं असतं तर साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे हे त्यांना सांगता आलं नसतं. पण सांडलेली साखर त्यांना बैठकीत बसून ऐकू यायची. भांड्याचा जरा वेगळा आवाज झाला की पेपर घडी घालून बाजूला, आणि आबा स्वयंपाकघराच्या दारात हजर. कुणाचं काय सांडलं, कसं सांडलं, याची चौकशी नाही. खाली बसायचं, बघायचं, बोटाच्या टोकाला लावून दोन बोटांत चोळायचं आणि मग ठरवायचं. माझ्या माहेरी, यावलकडे, माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात फडकं हातात धरलेलं नव्हतं. त्यामुळे पहिले काही महिने मला या माणसाचं हसू यायचं, आणि थोडा धाकही वाटायचा. म्हातारा भलताच टापटिपीचा दिसतो, याच्या घरात आपला कसा निभाव लागणार, असं वाटत राही.

धाक गेला तो पहिल्या उन्हाळ्यात. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढून ठेवला होता. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, मला काही हात लावू देत नव्हत्या. पण नव्या सुनेला मिरवायची हौस असते. मी पातेलं उचलायला गेले आणि अर्धा चीक ओट्यावर. आता पुसायचं म्हणून मी काय करावं, तर चहासाठी ठेवलेलं उकळतं पाणी त्याच्यावर ओतलं. चिकटाला गरम पाणी, एवढंच मला ठाऊक. चीक जागच्या जागी शिजला. पांढऱ्याचा पारदर्शक झाला, फुगला, आणि पिठाच्या खळीसारखा कडप्प्याला घट्ट धरून बसला. मी फडकं लावलं तर फडकंही धरलं. आबा दारात येऊन उभे राहिले. धुळ्याकडच्या खेड्यातली माणसं ही. घरात अहिराणी बोलायची, आणि त्यांचं ते ‘शे’ आणि ‘व्हयनं’ माझ्या कानाला अजून नवं होतं. "गरम पानी टाकं का वं?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते म्हणाले, "आते ओट्यावरच कुरड्या व्हई ग्यात."

माझं रडू फुटायच्या बेतात होतं, पण ते बघून हसले आणि मीही हसले. मग त्यांनी मला काहीच करू दिलं नाही. वाळू दे म्हणाले. जळगावचा वैशाख तो. इथलं ऊन माणसाला वाळवून काढतं, चिकाची काय कथा. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर त्या चिकाची काचेसारखी पापडी झाली होती आणि कडा आपण होऊन वर उचलल्या होत्या. आबांनी उलथन्याचं टोक कडेखाली घातलं, आणि अख्खी पापडी टकटक वाजत सुटून आली. ती त्यांनी माझ्या हातात दिली, जणू बक्षीस. गुळाला ऊब, चिकाला ऊन किंवा गार पाणी, तेलकटाला आधी कोरडं बेसन आणि मग साबण, दुधाला मात्र वाट बघायची नाही. एकेका चिकटाचा स्वभाव त्यांना माणसांच्या स्वभावासारखा पाठ होता. फक्त केळीच्या चिकापुढे ते हात टेकायचे. माझ्या माहेरच्या बागेत काम करणाऱ्या बायांच्या लुगड्यांवर ते तपकिरी डाग मी लहानपणापासून बघितले होते. लुगडं फाटतं, पण डाग जात नाही. ‘याले हात लावाना नही,’ असं आबा म्हणायचे, आणि त्यांच्या बोलण्यात त्या डागाबद्दल आदरच असायचा.

आपल्या भाषेचीही गंमत आहे. चिकट म्हटलं की आपण नाक मुरडतो आणि चिकाटी म्हटलं की पाठ थोपटतो. मूळ दोन्हींचं त्या चिकातच. आबांकडे बघताना मला हे दोन्ही शब्द एकाच ओट्यावर शेजारी शेजारी दिसायचे. एक सांडलेला आणि दुसरा फडकं घेऊन बसलेला.

पण ही टापटीप नव्हती, हे समजायला मला चांगलं वर्ष लागलं. एका सकाळी अक्का कपांत चहा ओतत होत्या आणि मी समोर उभी होते. समोरचे कप बरोबर भरले. बाजूच्या कपाशी हात गेला आणि चहाची धार कपाच्या कडेबाहेर, सरळ ओट्यावर पडत राहिली. अक्कांच्या चेहऱ्यावर काही नाही. त्यांना ते दिसतच नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आबा आले, अक्कांच्या मागून हात घालून त्यांनी तो कप धारेखाली सरकवला, सांडलेल्यावर फडकं टाकलं, आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. बोलू नको, एवढंच त्या हलण्यात होतं.

नंतर ओसरीवर बसून त्यांनी मला सांगितलं. अक्कांना काचबिंदू होता. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसेनासं झालं होतं. नळीतून बघावं तसं, असं ते म्हणाले. औषध चालू होतं, पण गेलेलं परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. म्हणून कडेला ठेवलेलं भांडं लवंडायचं, दुधाचा ओघळ राहायचा, पाकाचे थेंब पडायचे. हे बाहेर कळलं तर पोरं अक्कांना स्वयंपाकघरात पाऊल टाकू देणार नाहीत, याची आबांना धास्ती होती. पोरं वाईट नव्हती. काळजीपोटीच त्यांनी तसं केलं असतं. पण अक्कांकडून ओटा काढून घेतला तर त्या बाईकडे काय उरतं, असं आबांनी मला विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांना सगळ्यांत जास्त राग मुंग्यांचा होता. डाग काळ्या कडप्प्यावर कुणाला दिसत नाही, पण मुंगी लगेच चुगली करते, असं ते म्हणायचे. त्या दिवसापासून मी त्यांच्या कटात सामील झाले. या म्हाताऱ्याला मी हसत होते, हे आठवून मला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्यांच्याविषयी जे वाटलं त्याला आदर हा शब्द फार कोरडा आहे.

त्या वर्षीच्या आखाजीला नाशिकहून नणंदबाई माहेरी येणार होत्या. आईच्या डोळ्यांचं कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं होतंच, आणि येताना त्या ठरवून आल्या होत्या: स्वयंपाकाला बाई लावायची, आईनं आता गॅसपाशी जायचं नाही. फोनवर त्यांनी मला तसं सांगितलं. फक्त एकदा येऊन डोळ्यांनी बघते, म्हणाल्या. अक्कांनी ऐकलं आणि एवढंच सांगितलं की आखाजीचे मांडे मी करणार, मग काय ते ठरवा.

अक्कांचे मांडे ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना काय सांगावं. मागच्या दारी चुलीवर खापर, म्हणजे मातीचं मोठं उपडं भांडं, तापत ठेवलेलं. पुरण भरलेला सैल गोळा अक्का दोन्ही हातांवर घ्यायच्या आणि खेळवत खेळवत मोठा करायच्या. तो तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून पार कोपरापर्यंत पसरत जायचा, इतका पातळ की आतलं पुरण पिवळं झळकायचं, आणि मग एका हेलकाव्यात खापरावर. या कामात डोळ्यांना काही कामच नाही. उलट डोळे मिटून केले तर जास्त चांगले होत असतील. त्या सकाळी नणंदबाई झोक्यावर बसल्या होत्या, नजर मात्र आईकडे. एकही मांडा फाटला नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, जिंकलो.

मांडे संपवून अक्का आमरसाचं पातेलं बाहेर आणायला आत गेल्या, आणि पातेलं ओट्याच्या कडेला होतं. ते मीच तिथे ठेवलं होतं, आत सरकवायचं राहून गेलं होतं. कोपराचा धक्का लागला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे: आधी पितळेचा दणका, मग रस पसरतानाचा तो मऊ, सावकाश आवाज. केशरी रस फरशीभर झाला, गॅसच्या टाकीखाली गेला, अक्कांच्या पावलांना लागला. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बाहेर झोक्याची कडी वाजायची थांबली.

मी दारापर्यंत पोचले तेव्हा आबा माझ्याआधी आत होते. नणंदबाईंची पावलं ओसरीवर वाजत होती. आबांनी काय केलं, तर चांगल्या धुतल्या पायजम्यानिशी ते सरळ त्या रसात बसले आणि रिकामं पातेलं स्वतःच्या हातात घेतलं. नणंदबाई दारात आल्या तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच: रसानं माखलेले वडील, त्यांच्या हातात पातेलं, आणि भिंतीशी उभी आई.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

आबा म्हणाले, "मन्हा हातथून सांडाई गया."

मग नणंदबाईंनी वडिलांना जे काही सुनावलं ते इथे सगळं लिहीत नाही. या वयात तुम्हाला इकडे यायला सांगितलं कुणी, सणाचा रस घालवलात, पाय घसरून पडला असतात म्हणजे, असं बरंच. शेवटी बोट दाखवून त्या म्हणाल्या, "आबा, उद्यापासून तुम्ही स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही." म्हणजे बंदीचा हुकूम आला खरा, पण तो भलत्याच माणसावर बजावला गेला. आबांनी शाळेतल्या पोरासारखी मान खाली घातली. लेकीनं फडकं घ्यायला हात पुढे केला तेव्हा अक्का पहिल्यांदा बोलल्या. "पुसू दे त्यास्ले," त्या म्हणाल्या. "त्यास्ले येस."

आणि त्यांना खरंच यायचं. त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नाही. आधी एका ताटलीनं रस बाहेरून आत, कडांकडून मध्याकडे गोळा करत आणला. आधीच पाणी ओतलं तर पसारा घरभर होतो, हे ते मला नेहमी सांगायचे. गोळा करून झाल्यावर कोरडं फडकं, मग ओलं, मग पुन्हा कोरडं. शेवटी गॅसच्या टाकीखालून हात घालून तिथलंही काढलं, कारण मुंग्यांना तीच जागा आधी सापडते. संध्याकाळपर्यंत त्या फरशीवर अनवाणी चाललं तरी पायाला काही लागत नव्हतं. नणंदबाई चार दिवसांनी परत गेल्या. बाईचा विषय निघालाच नाही. जाताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या की आईचं ठीक आहे, तू आबांवर लक्ष ठेव.

आबांनी पुढे कितीतरी वर्षं ती बंदी मोडली. अक्कांची नजर कमी होत होत नळीची सुई झाली आणि मग तीही गेली, पण ओटा त्यांच्याकडेच राहिला. आता कुणापासून लपवायचं असं काही उरलं नव्हतं, तरी आबांचं फडकं खांद्यावरून उतरलं नाही. त्यांची पुसायची एक तऱ्हा होती. तळवा गोल गोल फिरवत ते ओटा पुसत न्यायचे, इंजिनाच्या चकत्या आणि दांडे पुसताना हाताला जी सवय लागली होती, तीच. त्यामुळे भिंतीकडचा, मिक्सरमागचा कोपरा नेहमी राहून जायचा. सगळा ओटा लखलखीत आणि तेवढा कोपरा चिकट. इंजिनाला कोपरे नसतात, त्याला आबा काय करणार, असं मी म्हणायचे आणि तो कोपरा तसाच सोडायचे. त्यांच्या कामात हात घालणं मला बरं वाटायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी बघावं तर तो स्वच्छ असायचा. आबांनाच मागाहून आठवत असेल असं मी धरून चालले होते.

एका हिवाळ्यात, बाजारात भरताची वांगी भरून आली होती तेव्हा, आबा गेले. आजारपण नाही, काही नाही. दुपारी पेपर वाचता वाचता गेले. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. त्यांचं ते फडकं धुऊन मी कपाटात ठेवलं आणि ओटा माझ्याकडे आला. त्यांना शोभेल असं करायचं म्हणून मी जीव ओतून पुसलं. मिक्सर उचलून बाजूला ठेवला, कोपऱ्यात बोट घालून घासलं, भिंतीच्या टाइलपर्यंत सगळं चकचकीत केलं. मग अक्का आल्या. ओट्याच्या या टोकाला तळवा टेकवला आणि सावकाश भिंतीकडे नेला, पुस्तकावरून हात फिरवावा तसा. तळवा कोपऱ्यात पोचला आणि तिथेच थांबला.

"कोपरा बी पुसा का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. बरं केलंस, असं त्या पुटपुटल्या. मग तळवा तिथून न काढताच म्हणाल्या, "त्यास्नी कधी पुसाच नही. तेवढा मन्हाकरता ऱ्हाई जाये."

म्हणजे सगळं त्यांना ठाऊक होतं. चहाच्या धारेखाली सरकलेला कप, मिटवलेले ओघळ, रसात बसलेला नवरा, सगळं. आणि रोज, आबा बैठकीत गेल्यावर, त्या हातानं चाचपत कोपऱ्यापर्यंत जायच्या आणि राहिलेलं पुसायच्या. हे किती वर्षं चाललं असेल कोण जाणे. आबांचा कोपरा खरंच सवयीनं सुटत होता, की हे त्या दोघांमध्ये न बोलता ठरलेलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. गॅसच्या टाकीखालचा रससुद्धा ज्याच्या हातून सुटला नाही, त्याला मिक्सरमागचा कोपरा सापडत नव्हता, हे मला आता पटत नाही.

राहून जाणं हा शब्द आपण चूक सांगताना वापरतो. मीठ घालायचं राहून गेलं, भेटायचं राहून गेलं. पण मागे काय उरलं हे सांगतानाही आपल्याकडे शब्द तोच आहे. माणूस गेला, घर राहिलं, सवय राहिली. अक्कांच्या त्या बोलण्यात दोन्ही अर्थ एकात एक मिसळलेले होते, आणि ते वेगळे करायला मला अजून जमलेलं नाही.

एवढं आठवेपर्यंत फडक्याखालचा गूळ सैल झाला. मी तो कडांकडून मध्याकडे गोळा केला, बर्नरची कडी काढून पाण्यात टाकली, ओटा गोल गोल हातानं पुसत भिंतीपर्यंत नेला आणि मिक्सरपाशी थांबले. मागे एक ओघळ गेला होता. तो तसाच ठेवून फडकं पिळून वाळत घातलं. अक्का आता खूप थकल्यात, मांडे मी करते, आणि माझे फाटतात. पण आज, सणाच्या आदल्या दिवशी, त्या भिंतीला धरून स्वयंपाकघरात आल्याच. तळवा ओट्यावर टेकवला आणि चालू लागल्या. मी नव्यानं शिजवलेलं पुरण वाटत होते. मान वर केली नाही. कोपऱ्यात हात थांबल्याचं मला ऐकू आलं, मग कनवटीचं फडकं निघाल्याचं, आणि मग त्या पुसू लागल्या.